'लिबरल', पण कुणाच्या विरुद्ध?

तुझा प्रश्न थोडक्यात असा. निफाडला लग्नाच्या पंगतीत ओळखीतल्या एका मुलीने जातीबाहेर लग्न केल्याचा विषय निघाला. सगळे तोंडसुख घेत होते, तेव्हा तू एवढंच म्हणालीस, "सज्ञान आहे ती, तिचं ती बघेल." त्यावर काकांनी सगळ्यांसमोर ऐकवलं, "नाशिकला राहून तू पण लिबरल झालीस वाटतं!" घरी येऊन तू वाचायला घेतलंस आणि गोंधळ वाढला. एके ठिकाणी लिबरल म्हणजे खुल्या बाजाराचे कैवारी, दुसरीकडे सरकारने गरिबांसाठी तिजोरी उघडावी म्हणणारे, आणि ऑस्ट्रेलियात तर लिबरल पक्ष चक्क उजवा. म्हणून विचारतेस, 'मॅडम, हा शब्द आला कुठून, खरा अर्थ कोणता, आणि मी लिबरल आहे का?'

एकतीस वर्षं नाशिकमध्ये राज्यशास्त्र शिकवलं. या तीन प्रश्नांपैकी पहिला सर्वांत सोपा आणि तिसरा सर्वांत अवघड आहे. मधल्याचं उत्तर पहिल्यातच दडलेलं आहे.

आधी एक गंमत. पेपर तपासायला आम्ही जमायचो तेव्हा मॉडरेटर हमखास सांगायचे, "यंदा जरा लिबरल चेकिंग ठेवा." म्हणजे हात सढळ ठेवा, अर्ध्या मार्कासाठी पोराला अडवू नका. हा त्या शब्दाचा जुना अर्थ, अजून आपल्या स्टाफरूममध्ये जिवंत असलेला. लॅटिनमध्ये 'लिबर' म्हणजे स्वतंत्र, गुलाम नसलेला माणूस. त्याला शोभेल ते 'लिबरालिस': त्याचं शिक्षण, त्याचं वागणं, त्याचं दातृत्व. शेकडो वर्षं युरोपात लिबरल हा माणसाचा गुण होता, पक्षाचं नाव नव्हतं.

आपण मराठीत 'उदारमतवाद' हा प्रतिशब्द घेतला तो याच जुन्या अर्थाचा. 'उदारचरितानां तु' आपल्या कानात आधीपासून होतंच. त्यामुळे दरवर्षी निम्म्या उत्तरपत्रिकांत पहिलं वाक्य ठरलेलं असायचं: 'उदारमतवाद म्हणजे मनाचा मोठेपणा होय.' एकाने तर १९९१च्या उदारीकरणाबद्दल लिहिलं होतं की त्या वर्षापासून सरकार उदार झालं आणि लोकांना सवलती देऊ लागलं. प्रत्यक्षात झालं होतं ते बरोबर उलट: काही देण्याऐवजी सरकारने उद्योग-व्यापारावरची आपली पकड सैल केली होती. मला प्रतिशब्दाची तक्रार करायची नाही, पण उदारपणात देणारा वर असतो आणि घेणारा खाली. राजकारणातल्या लिबरल माणसाचं म्हणणं असं की माझं स्वातंत्र्य हे कुणाचं दान नाही. ते माझं आहे, आणि ते काढून घ्यायचं असेल तर कारण काढून घेणाऱ्याने द्यायचं.

आता जन्मकथा. स्पेनमधलं काडीझ हे समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्ट्यावरचं बंदर आहे. १८१० साली नेपोलियनच्या फौजांनी स्पेन व्यापलेला, राजा त्याच्या कैदेत, आणि वेढा पडलेल्या त्या कोपऱ्यात देशाची प्रतिनिधिसभा भरलेली. पहिल्या मोठ्या वादांपैकी एक होता छापखान्यावरच्या सेन्सॉरशिपचा. आधी दाखवून, परवानगी घेऊनच छापायचं की नाही? ज्यांनी मुद्रणस्वातंत्र्याची बाजू घेतली त्यांना 'लिबरालेस' म्हणू लागले. विरोधकांना त्यांनी नाव दिलं 'सेर्विलेस', म्हणजे हुजरे. त्यात स्पॅनिश श्लेष असा की 'सेर्विल' शब्द मधोमध तोडला की 'सेर विल' होतं, म्हणजे नीच असणं. आपल्याकडच्या वृत्तपत्री टोमण्यांत शोभावं असंच हे! तेव्हा राजकीय 'लिबरल' जन्माला आला तोच भांडणात. तुझ्या काकांनी तो पंगतीत फेकला यात परंपरेला धरूनच झालं.

या लोकांनी १८१२ साली राज्यघटना केली. सार्वभौमत्व राजाचं नाही, राष्ट्राचं, असं तिने सांगितलं. त्याच घटनेत कॅथलिक सोडून दुसऱ्या कुठल्याही धर्माच्या आचरणाला बंदी होती. वर्गात मी हे सांगितलं की पोरं हसायची, "मॅडम, मग कसले लिबरल?" हा प्रश्न इथेच खिशात ठेव, पुढे लागेल. १८१४ मध्ये राजा परत आला आणि त्याने घटना मोडीत काढली. १८२० मध्ये ती बंडाने परत आणली गेली, १८२३ मध्ये फ्रेंच सैन्याने पुन्हा बुडवली. पण शब्द तोवर जहाजात बसला होता. त्या घटनेच्या एका आवृत्तीवर कलकत्त्याच्या राममोहन रॉय यांच्या नावाने अर्पणपत्रिका आहे. त्याच रॉय यांनी १८२३ मध्ये कंपनी सरकारने छापण्यावर परवान्याची अट घातली तेव्हा निषेध म्हणून आपलं फारसी वृत्तपत्र बंद केलं. काडीझचं भांडण तेरा वर्षांत हुगळीच्या काठावर पोचलं होतं.

इंग्लंडमध्ये विरोधकांनी व्हिगांना, म्हणजे राजाच्या सत्तेला आवर घालू पाहणाऱ्या जुन्या गटाला, आधी स्पॅनिश स्पेलिंगनेच 'लिबरालेस' म्हणून चिडवलं, जणू परदेशी रोग. मग शिवी अंगावर घेतली गेली आणि १८५९ साली लिबरल पक्ष उभा राहिला. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताचं 'ऑन लिबर्टी' हे पुस्तकही त्याच वर्षीचं. आपण पाठ्यपुस्तकात जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञापासून सुरुवात करतो. ते बरोबर आहे, कारण राज्य संमतीवर उभं असतं, धर्म हा मॅजिस्ट्रेटचा विषय नव्हे, ही मांडणी १६८९-९०ची, त्याची. पण लॉकने स्वतःला लिबरल म्हटलेलं नाही. तो शब्दच त्या अर्थाने नव्हता. घराला नाव मिळाल्यावर खापरपणजोबांचा फोटो भिंतीवर लावतात, तसं ते आहे.

म्हणून माझी वर्गातली युक्ती अशी होती. 'लिबरल' शब्द दिसला की व्याख्या शोधायची नाही. विचारायचं, कुणाच्या विरुद्ध? काडीझमध्ये सेन्सॉर आणि निरंकुश राजा यांच्या विरुद्ध. अ‍ॅडम स्मिथ या अर्थशास्त्रज्ञाच्या पानांवर मक्तेदारी आणि व्यापारबंदीच्या विरुद्ध. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधल्या नव्या लिबरलांचं म्हणणं पडलं की उपाशी म्हाताऱ्याचं स्वातंत्र्य ही थट्टा आहे. भूक आणि बेकारी याही बेड्याच. १९०८चा वृद्धांच्या पेन्शनचा कायदा त्यांच्याच लिबरल सरकारचा. अमेरिकेत रूझवेल्टच्या काळात शब्द याच दुसऱ्या अर्थाने रुजला, म्हणून तिथे लिबरल म्हणजे डावीकडचा. ऑस्ट्रेलियात तो मजूर पक्षाच्या विरुद्ध उभा राहिला, म्हणून उजवीकडचा. रशियात झिरिनोव्स्कीच्या कडव्या राष्ट्रवादी पक्षाच्या नावातही 'लिबरल डेमोक्रॅटिक' होतं, तिथे मात्र माझी युक्ती हात टेकते.

आता आपल्याकडे ये, कारण खरी गुंतागुंत इथे आहे.

१८७८ साली न्यायमूर्ती रानड्यांची पुण्याहून नाशिकला बदली झाली. रमाबाईंच्या आठवणींमध्ये नाशिकचे ते दिवस आहेत, मिळाल्या तर जरूर वाच. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने देशी भाषांतल्या वृत्तपत्रांचा गळा आवळणारा कायदा केला तोही १८७८चाच. ब्रिटिश लिबरल नेता ग्लॅडस्टनने पार्लमेंटात त्याला विरोध केला, त्याचा पक्ष सत्तेवर आल्यावर नवा व्हाइसरॉय रिपन याने तो रद्द केला. रानडे, पुढे गोखले, यांचा ब्रिटिश लिबरलांवर विश्वास बसला तो काही भाबडेपणातून नव्हे, असा हातात पुरावा होता. १८९२ मध्ये दादाभाई नौरोजी लिबरल उमेदवार म्हणून लंडनमधून पार्लमेंटवर निवडून आले, अवघ्या पाच मतांनी.

पण १९०८ पाहा. ब्रिटिश मंत्रिमंडळात भारतमंत्री आहे जॉन मोर्ले: मिलचा शिष्य, ग्लॅडस्टनचा चरित्रकार, लिबरलांतला लिबरल. त्याच्या कारकिर्दीत टिळकांना सहा वर्षं मंडाले. १९०९च्या जूनमध्ये नाशिकच्या बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळे पाणी, कारण त्यांनी छापलेल्या कविता. छापलेल्या कविता, लक्षात घे! ज्या शब्दाचा जन्म मुद्रणस्वातंत्र्याच्या वादात झाला, तो पक्षाच्या नावात मिरवणाऱ्यांच्या राज्यात हे घडलं. त्याच वर्षी २१ डिसेंबरला विजयानंद थिएटरात 'शारदा' नाटकाच्या वेळी अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. दुसऱ्या वर्षी आणखी कडक प्रेस अ‍ॅक्ट आला. मिलनेही 'ऑन लिबर्टी'त आपलं तत्त्व 'मागासलेल्या' समाजांना लागू नाही असं स्वच्छ लिहून ठेवलं होतं. पस्तीस वर्षं ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत नोकरी केलेला माणूस तो.

मग मराठीत नेमस्त, मवाळ हे शब्द टिंगलीचे झाले यात नवल काय? १९१८ साली नेमस्तांनी काँग्रेस सोडून वेगळी लिबरल फेडरेशन काढली, मराठीत तो 'प्रागतिक पक्ष'. लोक त्यांना अर्ज-विनंत्यांवाले म्हणून हसले. इथे एक गोष्ट माझ्या मते कुणी नीट पाहत नाही. शंभर वर्षांपूर्वी मराठी माणूस कुणाला 'लिबरल' म्हणून हिणवायचा तेव्हा त्याचा अर्थ होता, सरकारच्या फार जवळ गेलेला. आज काका तुला हिणवतात त्याचा अर्थ होतो, आपल्या माणसांपासून, रीतीपासून लांब गेलेली. शब्द तोच, टोमण्याचा सूर तोच, आरोपपत्र उलटं.

आता खिशातला तो प्रश्न काढ: कसले हे लिबरल? त्याचं उत्तर पुस्तकापेक्षा पंचवटीत चांगलं समजतं. दरवर्षी तिसऱ्या वर्षाच्या मुलांना मी काळाराम मंदिरापाशी घेऊन जायचे. मंदिरात नव्हे, आधी दाराबाहेर उभं करायचे. २ मार्च १९३०ला मंदिरप्रवेश नाकारलेली हजारो दलित माणसं मिरवणुकीने इथे आली आणि दारं बंद झाली. बाबासाहेबांनी सुरू केलेला, दादासाहेब गायकवाडांनी नाशकात धरून ठेवलेला हा सत्याग्रह पाच वर्षं चालला. मुलांना विचारायचे, "सांगा, इथे अडवणारा कोण?" पहिलं उत्तर यायचं, "इंग्रज सरकार." बंदोबस्त त्यांचाच होता, हे खरं. पण दार लावलं कुणी? मग शांतता. उन्हात पाय भाजताहेत, आतून घंटा ऐकू येतेय, आणि कुणीतरी हळूच म्हणायचं, "आपणच."

इथे लिबरल विचाराची परीक्षा होते. दार लावणाराही स्वातंत्र्याचीच भाषा बोलू शकतो: आमचं देवस्थान, आमचा धर्म, बाहेरच्यांनी ढवळाढवळ करू नये. ज्याला स्वातंत्र्याचा शत्रू म्हणून फक्त सरकारच दिसतं, तो लिबरल या दारात गप्प होतो. मिलचा एक मुद्दा मात्र इथे कामाला येतो: समाजाची जुलूमशाही सरकारपेक्षा खोल जाते, कारण तिच्यातून सुटायला वाट कमी. आगरकरांनी तो बरोबर उचलला होता. १८९१च्या संमतिवयाच्या, म्हणजे मुलीशी शरीरसंबंधासाठीचं किमान वय कायद्याने वाढवण्याच्या, वादात टिळक म्हणत होते, परक्या सरकारने आमच्या घरात शिरू नये. आगरकर-रानड्यांचा सवाल असा की घरात दहा वर्षांच्या मुलीचं स्वातंत्र्य कोण राखणार? दोन्ही बाजूंकडे लिबरल युक्तिवाद होता. मला विचारशील तर मी आगरकरांच्या बाजूची, आणि हे मी वर्गातही लपवलं नाही.

बाबासाहेबांना मुळात मूर्तीचं दर्शन हवं होतं असंही नाही. आपली माणसं जागी व्हावीत, आपली जागा त्यांना कळावी, म्हणून ही लढाई, हे त्यांनी पुढे गायकवाडांना पत्रात स्पष्ट लिहिलं. १३ ऑक्टोबर १९३५ला येवल्यात त्यांनी धर्म सोडण्याची घोषणा केली तेव्हा काळारामचं दार बंदच होतं. नंतर घटनेच्या २५व्या कलमात धर्मस्वातंत्र्य दिलं, आणि त्याच कलमाच्या पोटात सार्वजनिक स्वरूपाची हिंदू देवस्थानं सर्व वर्गांना खुली करण्याचा अधिकार राज्याला ठेवला. ते पोटकलम वाचताना मला दरवेळी पंचवटीतलं ते दार दिसतं. काडीझवाल्यांनी एकाच धर्माला जागा ठेवली होती. इथे सगळ्यांना जागा दिली आणि वर धर्माच्या आतल्या माणसालाही धर्मापासून संरक्षण दिलं. भारतीय उदारमतवाद म्हणून काही वेगळं आहे का, असं परीक्षेत विचारलं तर हे लिही. ग्रीन आणि हॉबहाउस हे इंग्लंडमधल्या नव्या लिबरलांचे विचारवंत दोन ओळींत आटप.

दुसरं ठिकाण तुझ्याच घरचं. तुझ्या वडिलांचा कांदा लासलगावला जातो, म्हणून तुला हे फोड करून सांगायला नको. ८ डिसेंबर २०२३ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. हंगाम लाल कांद्याचा. उन्हाळ कांदा चाळीत चार-सहा महिने राहतो, लाल राहत नाही, काढला की विकावाच लागतो. शहरातल्या माणसाला हा फरक माहीत नसतो, म्हणून तो म्हणतो, "थांबा की थोडं, भाव येईल!" लिलाव बंद पडले, चांदवडला मुंबई-आग्रा महामार्ग अडवला गेला. बंदी उठली मेच्या सुरुवातीला, तीही टनाला ५५० डॉलरचं किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क मागे ठेवून. त्या जानेवारीत मी एका माजी विद्यार्थ्याबरोबर बाजार समितीत गेले होते. ट्रॅक्टरच्या रांगा, पुकारा चाललेला, आणि एक म्हातारे शेतकरी ट्रॉलीतल्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून खालचा कांदा वर काढून व्यापाऱ्याला दाखवत होते, सालाचा पापुद्रा बोटांना चिकटलेला. भाव पुकारला गेला तसा हात तसाच ढिगात राहिला. मग ते मला म्हणाले, "माल माझा, गिऱ्हाईक माझं, मधी हे कोण?"

बाई, लिबरल विचाराचं याहून नेटकं वाक्य मी कुठल्या ग्रंथात वाचलेलं नाही. स्मिथने १७७६ मध्ये धान्यव्यापाराबद्दल जवळजवळ हेच म्हटलं आहे. शेतकऱ्याला आपला माल चांगल्यात चांगल्या बाजारात नेण्यापासून रोखणं म्हणजे सार्वजनिक हिताच्या एका कल्पनेपायी साध्या न्यायाचा बळी देणं, आणि ते क्षम्य असेल तर अगदी निकडीच्या वेळीच. १९८०च्या नाशिकच्या कांदा-ऊस आंदोलनापासून शरद जोशींची शेतकरी संघटना मूलतः हेच मांडत आली: अनुदान नको, आमच्या मानेवरचा हात काढा. जागतिक व्यापार खुला करू पाहणाऱ्या डंकेल प्रस्तावाच्या वेळी सगळे विरोधात असताना त्यांनी पाठिंबा दिला तो याच तर्काने. तेव्हा लिबरल म्हणजे इंग्रजी बोलणारे शहरी लोक हा समज लासलगावच्या आवारात टिकत नाही.

पण मग तेच म्हातारे घरी जाऊन नातीच्या लग्नात "आमच्या जातीत हे चालत नाही" म्हणत असतील का? असतील. आणि जी मुलगी लग्नाच्या बाबतीत "तिचं ती बघेल" म्हणते, ती भाजी महागली की निर्यात थांबवा म्हणणाऱ्यांत असू शकते. मी स्वतः होते, खोटं कशाला बोलू? २०१०च्या आसपास कांदा भडकला तेव्हा वर्गात मी निर्यात रोखण्याचं जोरात समर्थन केलं होतं आणि शेवटच्या बाकावरच्या चांदवडच्या मुलाने उठून विचारलं होतं, "मॅडम, तुमचा पगार रोखला तर चालेल का?" मी विषय बदलला. ते उत्तर मी त्याला आजवर दिलेलं नाही.

म्हणून 'मी लिबरल आहे का' याला हो-नाही करू नकोस. एखादी बंदी समोर आली, लग्नावरची, पुस्तकावरची, खाण्यावरची, कांद्यावरची, की आधी कोणाकडून पुरावा मागतेस ते बघ. 'तुला हे कशाला हवं?' असं विचारतेस, की 'तुम्हाला हे कशाला रोखायचंय?' दुसरा प्रश्न आधी सुचत असेल तर तेवढ्यापुरती तू लिबरल. रोखणाऱ्याकडे कधी कधी सबळ कारण असतंही. बालविवाह रोखायला होतं. काळारामच्या दारावर मात्र कारण दार लावणाऱ्याकडेच मागायला हवं होतं. पुढच्या बाबतीत वेगळं निघेल, माझं निघालं तसं.

आणि काकांचं. चांदवडच्या त्या रास्ता रोकोत ते होते असं तूच मागे फोनवर सांगितलं होतंस. पुढच्या वेळी भेटतील तेव्हा स्मिथचा तो धान्यव्यापाराचा उतारा मराठीत करून त्यांना वाचून दाखव. ते मान डोलावतील. हा माणूस लिबरलांचा मूळपुरुष मानला जातो, हे चहा संपल्यावर सांग.